बल्किंगच्या नावाखाली वाढणारी कंबर

सुरुबन

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता तालुक्याच्या प्रत्येक गावी एक-दोन तरी जिम आहेत आणि मिरग लागला की तिथल्या बऱ्याच मुलांचे बल्किंग, म्हणजे स्नायूंसाठी भरपूर खाऊन वजन चढवणे, सुरू होते. त्यामागचा हिशेब समजण्याजोगा आहे. स्पर्धा पुढे हिवाळ्यात असतात, पावसात पुळणीवरचे धावणे बंद पडते, चार महिने अंगावर सैल कपडे असतात, आणि गणपतीपर्यंत दहा-बारा किलो वजन चढवून नंतर ते कापायचे, असा सल्ला कुणीतरी यूट्यूबवर दिलेला असतो. स्नायू वाढवण्यासाठी खर्चापेक्षा काही जास्त अन्न लागते हे तत्त्व मला मान्य आहे आणि प्रशिक्षक म्हणून मी ते मुलांना सांगतही असतो. मला मांडायचे आहे ते एवढेच की स्नायू वाढण्याचा वेग शरीर ठरवते. त्या वेगाला पुरेल त्याहून अधिक जे खाल्ले जाते ते, व्यायाम कितीही केला तरी, मुख्यतः कमरेवर जमते.

आधी आकडे पाहू. नव्याने व्यायाम सुरू केलेल्या निरोगी तरुणाच्या अंगावर पहिल्या काही महिन्यांत फार तर महिन्याला एखादा किलो स्नायू चढतो. दोन-तीन वर्षे नियमित वजने उचलणाऱ्याला तेवढ्यासाठीच अनेक महिने लागतात. स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असते आणि प्रथिनांचा वाटा साधारण एक-पंचमांश असतो, म्हणजे एक किलो नव्या स्नायूत जेमतेम 200 ग्रॅम प्रथिने असतात. ती महिनाभरात वाटली तर दिवसाला सहा-सात ग्रॅम होतात, म्हणजे एका अंड्यात असतात तेवढी. रोज एकच अंडे जास्त खावे असा याचा अर्थ नाही, कारण खाल्लेल्या प्रथिनांतला मोठा भाग रोजची झीज भरून काढण्यात जातो. पण हे काम किती सावकाश चालते, याचा अंदाज त्यावरून यावा. उलट बाजूला, अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. रोज 1,000 कॅलरी जास्त खाणाऱ्याकडे महिनाअखेर 30,000 कॅलरी शिल्लक पडतात. त्यांतल्या काही उष्णतेत आणि हालचालीत जातात, काही स्नायूंच्या बांधणीत जातात, आणि उरलेल्यांना चरबीखेरीज दुसरी जागा नसते.

हे कागदावरचे गणित आहे असे कुणी म्हणेल, म्हणून एक अभ्यास सांगतो. नॉर्वेमधील उच्च दर्जाच्या खेळाडूंवर झालेला हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखाच वजनांचा व्यायाम होता. एका गटाला आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली जास्त खायला लावले होते, दुसऱ्याला भुकेप्रमाणे खाण्याची मोकळीक होती. आठ ते बारा आठवड्यांनंतर जास्त खाणाऱ्या गटाची चरबी सुमारे 15 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची सुमारे 3 टक्क्यांनी. चरबीरहित वजनातला दोन्ही गटांमधला फरक मात्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याइतका नव्हता.

पुढचा तोटा वेळेचा आहे आणि मुले तो कधीच हिशेबात धरत नाहीत. ऐंशी किलोच्या मुलाने बारा किलो चरबी चढवली आणि स्नायू टिकवून ती सावकाश, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरवायची ठरवली, तर त्याला साडेपाच महिने लागतात. त्या काळात तो पोटाला चिमटा काढून जगतो, त्याच्या उचलण्याचे आकडे थांबतात किंवा घसरतात आणि नवा स्नायू जवळजवळ चढत नाही. घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणजे पावसाळ्यात कमावलेले म्हणून जे मिरवले, त्यातले बरेचसे शिमग्यापर्यंत काट्यावरून उतरलेले असते.

इथल्या जाणकारांनी आपापल्या अनुभवाची भर घालावी.


तिरफळ

सुरुबन, धागा योग्य वेळी काढलात. मी चिपळूणच्या बाजूला वैद्यकीय व्यवसाय करते आणि गेल्या काही वर्षांत विशी-पंचविशीतली पिळदार दंडांची मुले फॅटी लिव्हरचा, म्हणजे यकृतात चरबी साठल्याचा, सोनोग्राफी अहवाल हातात घेऊन येताना पाहते. त्यांना ते खरेच वाटत नाही, कारण आजारी माणसाचे त्यांच्या मनातले चित्र वेगळे असते.

आपल्याकडच्या शरीररचनेची एक गोष्ट परदेशी व्हिडिओंत येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. वजन आणि उंची यांचे गुणोत्तर अगदी सारखे असूनही भारतीय शरीरात चरबी दुपटीहून अधिक असू शकते आणि ती पोटाच्या पोकळीत, यकृताभोवती लवकर साठते. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर धरली जाते. गोऱ्या माणसाला पंधरा किलो चढवणे ज्या किमतीत पडते, त्या किमतीत ते आपल्याला पडत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली आले. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, 26.4 टक्के, आढळले. घरात आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असताना मुलगा रोज मैद्याचे पाव, आइस्क्रीम आणि दोन वेळा मास गेनर (वजन वाढवण्याची पावडर) घेऊन वजन चढवत असेल, तर तो नेमका कशाशी खेळतो आहे हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसते. मानेची आणि काखेची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होऊ लागली असेल तर तो मळ नाही, घासून जाणारही नाही. बहुतेकदा ती इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाल्याची खूण असते.

घोरण्याकडेही लक्ष द्यावे. मानेचा घेर 43 सेंटीमीटरच्या पुढे गेला की झोपेत श्वास अडकण्याचा धोका वाढतो, मग तो घेर चरबीचा असो की स्नायूंचा. रात्री श्वास अडकून झोप मोडत राहिली तर सकाळी उठल्यावर डोके जड, दिवसभर पेंग आणि रक्तदाब वर, असे चक्र सुरू होते. ज्या झोपेत स्नायूंची दुरुस्ती व्हायची ती झोपच त्यात खराब होते.

युरिक ॲसिड हा आपल्या किनाऱ्याचा खास विषय आहे. तारली, मांदेली, कालवे, तिसऱ्या यांत प्युरीन भरपूर असते आणि त्यापासूनच शरीरात युरिक ॲसिड बनते. एरवी प्रमाणात खाणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण वाढते पोट, गोड पेये आणि शनिवारची बिअर त्याला जोडली की पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत सुजतो. तरुण मुलांना ‘वजन पायावर पडलं असेल’ असे वाटते आणि ते बर्फ लावत बसतात.


भरतीओहोटी

सुरुबन दादा, तिरफळ ताई, तुमचे म्हणणे वाचले. पण मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. मी देवगड तालुक्यातला आहे आणि आमच्याकडची निम्मी मुले काटकुळी आहेत. त्यांना कुणी ‘जास्त खाऊ नका’ सांगितले तर ती मुळात जेवढे खातात तेवढेही खाणार नाहीत. दुसरे म्हणजे, जास्त खाल्ले की ताकद वाढते हा सगळ्यांचा अनुभव आहे. वजन चढवल्यावर माझा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) जेवढा वाढला तेवढा आधी कधी वाढला नव्हता. तिसरे म्हणजे, अमेरिकेतल्या ब्रूस रँडल यांनी 401 पौंडांपर्यंत, म्हणजे 180 किलोंच्याही पुढे वजन नेले, मग ते 183 पौंडांवर, म्हणजे 83 किलोंवर आणले आणि 1959 साली मिस्टर युनिव्हर्स किताब मिळवला. मग आम्ही दहा किलो चढवले तर एवढे काय बिघडते?


खाडीपलीकडे

भरतीओहोटी, रँडल यांचे उदाहरण आमच्या काळीही सांगितले जायचे. ते खरे आहे, पण त्याची आठवण राहिली ती विरळा म्हणूनच. त्याच वाटेने जाऊन परत न आलेल्यांची छायाचित्रे कुणी छापत नाही.

मी जिल्हा पातळीवर मंचावर उभा राहिलेला आणि नंतर पंच म्हणून बसलेला माणूस आहे. आपल्याकडच्या शरीरसौष्ठव स्पर्धा वजनी गटांत होतात. 55, 60, 65, 70, 75 असे पाच-पाच किलोंचे टप्पे असतात आणि साडेपाच फुटांच्या मुलाला खरे कट्स, म्हणजे स्नायूंच्या ठळक रेषा, काढायचे असतील तर तो बहुधा 60 किंवा 65 च्या गटात येतो. हाच मुलगा पावसाळ्यात 85 किलोंचा झालेला असतो आणि गावात त्याला ‘बॉडीबिल्डर’ म्हणून मान मिळत असतो. मग स्पर्धेआधी वीस किलो उतरवताना त्याची छाती सपाट होते, मांड्यांचा आकार जातो, चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि काखेजवळ, खांद्यावर कातडी ताणल्याचे पांढरे-जांभळे चट्टे राहतात. शेजारी उभा असलेला, वर्षभर गटाच्या वजनापेक्षा चार-पाच किलोच वर राहिलेला मुलगा भरलेला आणि घट्ट दिसतो. पंचाला कोणाला पहिला क्रमांक द्यायचा याचा विचार करावा लागत नाही.

मोठे दिसण्याचा सोस असणाऱ्यांनी मनोहर आईच यांचे छायाचित्र पाहावे. चार फूट अकरा इंच उंचीच्या या माणसाने 1952 साली मिस्टर युनिव्हर्स किताब आपल्या देशात आणला.

एक कटू गोष्टही लिहून ठेवतो. चार महिन्यांत पंधरा किलो चढवून त्यातला बराचसा स्नायूच आहे, असे कुणी सांगत असेल तर त्यामागे गोळ्या किंवा इंजेक्शने असण्याची शक्यता मोठी असते. स्टेरॉइडमुळे अंगात पाणी साठते, चांगले कोलेस्टेरॉल कोसळते, यकृतावर ताण येतो, आणि वर हे सारे ‘बल्क’ या निरुपद्रवी नावाखाली खपते. या धाग्याचा तो विषय नाही, म्हणून इथेच थांबतो.


सुरुबन

भरतीओहोटी, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्याचा बीएमआय 18.5 च्या खाली आहे अशा मुलाने सहा-सात किलो चढवले, तर त्यात काही चरबी असली तरी त्याचे भलेच होईल. हा धागा त्याच्यासाठी नाही. काटकुळ्या मुलांपैकी पुष्कळजण सकाळी चहा-बटर, दुपारी भात-आमटी आणि रात्री पुन्हा भात-आमटी एवढ्यावर असतात. त्यांना बल्किंगआधी दोन वेळचे पुरेसे, प्रथिनयुक्त जेवण लागते.

ताकदीचा मुद्दा अर्धा खरा आहे. वजन वाढले की स्क्वॉट वाढतो. पोट आणि मांड्या भरल्यामुळे खाली बसताना आधार मिळतो, स्नायूंमध्ये ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि पाणी भरलेले असते, थकवा कमी जाणवतो. पण त्या वाढीतला काही भाग वजन उतरवताना परत जातो. आणि ज्या व्यायामात स्वतःचेच शरीर उचलायचे असते, उदाहरणार्थ पुल-अप आणि डिप्स, त्यांत आकडा बहुधा घसरतो. मी मुलांना दर महिन्याला पुल-अपचा आकडा लिहायला लावतो; स्क्वॉट वर आणि पुल-अप खाली अशी जोडी सुरू झाली की वजनात नेमके काय वाढले ते वेगळे सांगावे लागत नाही.

एकाच मापाने सगळ्यांना मोजू नये, हेही बरोबर आहे. कॅनडात 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुळ्या भावांच्या बारा जोड्यांना 84 दिवस रोज 1,000 कॅलरी जास्त दिल्या गेल्या. वजन सरासरी 8.1 किलोंनी वाढले, पण कुणाचे 4.3 किलो तर कुणाचे 13.3 किलो, आणि एकाच जोडीतल्या भावांची वाढ बरीच सारखी होती. त्यांना व्यायाम नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवावी. तरी तेवढ्याच जास्तीच्या अन्नाला प्रत्येकाचे शरीर वेगळे उत्तर देते, एवढे त्यातून दिसते. म्हणूनच मित्राचा डाएट चार्ट मोबाइलवर मागवून तसाच राबवणे मला धोक्याचे वाटते. त्याला जे पचते ते तुमच्या पोटावर बसू शकते.


कोनाडा

मी असे ऐकले आहे की अंगात चरबी एका मर्यादेपलीकडे गेली की स्नायू वाढतच नाही, सगळे अन्न चरबीतच जाते. हे बरोबर आहे का?


तिरफळ

इतक्या ठामपणे तसे म्हणता येणार नाही. चरबी जास्त असलेल्या, नव्याने व्यायाम करणाऱ्या माणसाचा स्नायू चांगला वाढतो. कमी खाऊनही वाढतो. ‘आधी बारीक व्हा, मगच बल्क लागू पडेल’ हे जिममधले सूत्र त्या स्वरूपात सिद्ध झालेले नाही. चांगल्या बाजूने बोलताना आपण कच्चे पुरावे वापरू नयेत, म्हणून हे लिहिले. चरबी मर्यादेत ठेवण्याची आरोग्याची कारणे पुरेशी भक्कम आहेत. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक आहे: चरबीच्या पेशींत टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि लठ्ठपणात टेस्टोस्टेरॉनची पातळी घटते. छाती वाढवायला निघालेल्या मुलांची छाती भलत्याच प्रकारे वाढते आणि ती लाजेपोटी डॉक्टरकडे येत नाहीत.

तपासणीबद्दलही लिहिते, कारण त्यात गोंधळ फार होतो. जोरदार व्यायामानंतर यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी आठवडाभरसुद्धा वाढलेले राहू शकतात, कारण ही द्रव्ये स्नायूंमधूनही रक्तात येतात. क्रिएटिन ही ताकदीची पावडर घेणाऱ्याचे किंवा भरपूर स्नायू असलेल्याचे, किडनीच्या तपासणीतले क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असूनही थोडे वर दिसते. त्यामुळे रक्त देण्याआधी सात-आठ दिवस जड व्यायाम थांबवावा आणि आपण काय घेतो ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. लिपिड (रक्तातली चरबी), उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), युरिक ॲसिड आणि रक्तदाब एवढे बल्क सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पाहिले तरी पुष्कळ कळते.


लालमाती

मी अलिबागच्या बाजूला मुलांना कबड्डी शिकवतो. आमच्याकडे जिमचा शिरकाव झाला तो स्वागतार्हच होता. पूर्वी चढाईपटूंचे गुडघे आणि खांदे कच्चे राहायचे, आता राहत नाहीत. पण बल्किंगची हवा लागल्यापासून नवीन अडचण उभी राहिली आहे. ज्येष्ठ (सीनियर) पुरुष गटात 85 किलोंची वजनमर्यादा असते. उजवा कोपरा सांभाळणारा चांगला मुलगा पावसाळ्यानंतर 90 चा होऊन येतो आणि निवड चाचणीच्या आधी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवतो. मग पहिल्या पंधरा मिनिटांतच त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात. चढाईपटूची गोष्ट तर आणखी वाईट. त्याचा खेळ पहिल्या दोन पावलांवर असतो आणि अंगावरची आठ किलो चरबी त्याला त्या दोन पावलांत काहीच मदत करत नाही.

पोलीस भरतीच्या मुलांचेही तेच होते. छातीचे माप आणि गोळाफेक डोळ्यांपुढे ठेवून वजन वाढवतात आणि 1,600 मीटर धावण्यात मागे पडतात. मैदानावर गुण धावण्याचे आहेत, दंडाच्या घेराचे नाहीत.

एक गोष्ट इथे अजून कुणी लिहिली नाही, ती म्हणजे आपली दमट हवा. घाम अंगावरून उडाला तरच शरीर थंड होते. आपल्याकडे मे-जूनमध्ये हवेतच इतके पाणी असते की घाम नुसता गळतो, उडत नाही. त्यात चरबीचा थर उष्णता आत धरून ठेवतो आणि जास्तीचे वजन हलवायला जास्तीची उष्णता तयार होते. ज्या मुलाला पुण्यात जाऊन सराव जमतो त्याच मुलाला इथे पत्र्याच्या शेडमध्ये भोवळ येते. जांघेत आणि काखेत गजकर्ण होते ते वेगळेच. ओले बनियन बदलायचा कंटाळा हे त्याचे एक कारण असले, तरी कातडीला कातडी घासण्याइतके अंग वाढणे हे दुसरे आहे.


पेजभात

लालमाती, गजकर्णाचे लिहिलेत ते बरे झाले. मलमावर मलम चोळत बसतात, मूळ कुणी पाहत नाही.

मी मालवणची. आहारशास्त्र शिकले आहे आणि घरात एक बल्किंगवाला मुलगाही आहे, म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते.

मुले म्हणतात की आपल्या कोकणी जेवणात कॅलरी नाहीत, म्हणून मास गेनर हवा. हे ऐकून मला आश्चर्य वाटते. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे 350 कॅलरी असतात आणि प्रथिने जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम. सकाळी घावण्याबरोबर चटणी, दुपारी वाटपाची आमटी, वर सोलकढी आणि रात्री पुन्हा वाटप असलेले कालवण, एवढ्यात किती खोबरे पोटात गेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मुलगा डब्यातला भात मोजतो आणि वाटप मोजतच नाही. मग त्याला वाटते की आपण 300 कॅलरी जास्त खातो आहोत, आणि प्रत्यक्षात त्या 800 असतात. खोबरे वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही, नाहीतर मला माझ्याच घरात जेवण मिळणार नाही. ते हिशेबात धरावे, एवढेच.

गेनरच्या डब्यामागचे घटक वाचावेत. यादीत पहिले नाव बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे झटकन साखर होणारे पिष्ट. हजारो रुपये मोजून मुले पिठाची पावडर आणतात, दुधात घालून पितात, मग पोट फुगते, जुलाब होतात, आणि दुपारच्या जेवणाची भूक मरते ती वेगळीच. सुक्या कुळथात 100 ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. बांगड्याचा खाण्याजोगा भाग 100 ग्रॅम धरला तर एकोणीस-वीस ग्रॅम मिळतात, शिवाय चांगली स्निग्धाम्लेही. अंडी आहेत, वालाचे बिरडे आहे, दही आहे. प्रथिने किती हवीत, तर 2018 साली 49 अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की वजनांचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे सरासरीने फारसा जादा लाभ मिळत नाही. सत्तर किलोच्या मुलाला हे 112 ग्रॅम होतात. भाताचा डोंगर कमी करून मासे, अंडी आणि उसळ वाढवली तर ते घरच्या ताटात बसते.

पावसाळ्याची अडचण मात्र खरी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ताजे मासे मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, आणि नेमका तोच मुलांचा बल्किंगचा हंगाम असतो. प्रथिने कमी आणि पाव, फरसाण, भजी जास्त, असे बल्किंग म्हणजे शुद्ध चरबी चढवण्याची योजना होय. त्या दोन महिन्यांत घरात अंडी, कुळीथ, चवळी, सोयाबीन यांची बेगमी करावी. सुकट आणि जवळा वापरावा, पण त्यातले मीठ लक्षात घेऊन, आधी धुऊन. रक्तदाब आधीच वर असलेल्यांनी तर फार बेतानेच.


भरतीओहोटी

सर्वांचे आभार. खोबऱ्याचा हिशेब मी खरोखर कधी धरला नव्हता, आज आईला विचारल्यावर ती हसायलाच लागली. मी आता सरळ आकडे देतो. उंची 170 सेंटीमीटर, वजन 74 किलो, कंबर 88 सेंटीमीटर. व्यायाम तीन वर्षांपासून नियमित आहे. पावसाळ्यात 82 पर्यंत जाण्याचा विचार होता. काय करावे? आणि कंबर नेमकी कुठे मोजायची, कारण पँटची कंबर 32 आहे आणि टेपवर वेगळेच येते?


सुरुबन

पँटच्या कमरेवर जाऊ नका. ती पोटाखाली बसते आणि लेबलवरचा आकडा कंपनीगणिक बदलतो. सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी, सरळ उभे राहून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवा धरावा, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी.

तुमची कंबर 88 आहे, म्हणजे 90 च्या रेषेला फक्त दोन सेंटीमीटर उरले आहेत. तीन वर्षांच्या व्यायामानंतर तुमच्या अंगावर या पावसाळ्यात आठ किलो स्नायू चढणे शक्य नाही, तेव्हा 82 चा बेत सोडून द्यावा. माझ्या मते तुम्ही आता बल्क सुरूच करू नये. आधी दोन-अडीच महिने रोजच्या खर्चापेक्षा 300 ते 400 कॅलरी कमी खाऊन, प्रथिने 110 ते 120 ग्रॅम ठेवून आणि उचलण्याचे आकडे न सोडता कंबर 83-84 वर आणावी. वजन 70 च्या आसपास येईल. ते पाहून घाबरू नका आणि मित्रांच्या शेऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

त्यानंतर, म्हणजे साधारण नारळी पौर्णिमेपासून, जेव्हा मासेही बाजारात येऊ लागतात, रोज 200 ते 300 कॅलरी जास्त घ्याव्यात. आठवड्याला 150 ते 200 ग्रॅम वजन वाढले तरी तुमच्या टप्प्यावर ते पुरेसे आहे. एका दिवसाच्या काट्यावर जाऊ नका, आठवड्याची सरासरी काढा, कारण मीठ आणि भात जास्त झाला तर पाण्यानेच एक किलो इकडेतिकडे होते. वजन वाढते आहे, उचलण्याचे आकडे वाढत आहेत आणि कंबर फारशी हलत नाही, तोवर चालू ठेवा. कंबर 87 ला पोहोचली की, वजन कितीही असो, महिनाभर वाढ थांबवून आहे तिथेच राहा. गणपतीत पाच दिवस मोदक खाल्ल्याने काही बिघडणार नाही, ते मोजत बसू नका.

तिरफळ ताईंनी सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या मात्र सुरुवातीलाच करून घ्या. घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर आणखी उशीर नको. पुल-अपचा आजचा आकडा इथे लिहून ठेवा, दिवाळीनंतर त्याच्याशीच ताडून पाहू.